आयटीआयला प्रवेश घ्यायचाय? ट्रेड निवडण्यापासून शिकाऊ उमेदवारीपर्यंत

दहावीचा निकाल लागला की घराघरांत अकरावीची चर्चा सुरू होते आणि आयटीआयचा विषय निघतो तो "टक्के कमी पडले तर बघू" या सुरात. हा क्रम चुकीचा आहे. चांगल्या सरकारी संस्थेतल्या वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) किंवा जोडारी (फिटर) या ट्रेडच्या, म्हणजे शिकायच्या व्यवसायाच्या, जागेसाठी भरपूर टक्के असलेली मुलंही रांगेत असतात. जे शेवटच्या क्षणी येतात, त्यांना उरलेला ट्रेड मिळतो. शिवाय महाराष्ट्रात आयटीआयला वयाची वरची मर्यादा नाही. १४ वर्षं पूर्ण असली की झालं. त्यामुळे तिशी-पस्तिशीत नोकरी गेलेल्यांनी, शेतीला जोडधंदा हवा असलेल्यांनी, मुलं मोठी झाल्यावर काही शिकू पाहणाऱ्या बायकांनीही हे वाचावं. अर्ज तोच, पोर्टल तेच, फेऱ्याही त्याच.

खालचे टप्पे राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेचे आहेत. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून त्या इथे दिलेल्या नाहीत. त्या वर्षीची माहितीपुस्तिका पोर्टलवरून उतरवून घ्या आणि निदान पात्रता, आरक्षण आणि फेऱ्यांचे नियम ही तीन प्रकरणं पेन्सिल घेऊन वाचा.

१. आधी ट्रेड ठरवा, संस्था नंतर

बहुतेक जण उलटं करतात. घराजवळची संस्था धरतात आणि तिथे जे मिळेल ते घेतात. दोन वर्षांनी हातात येतं ते प्रमाणपत्र ट्रेडचं असतं आणि नोकरीची जाहिरातही ट्रेडच्या नावानेच निघते.

ट्रेडची मराठी नावं आधी ओळखून ठेवा. जाहिरातीत आणि सरकारी कागदात ती अचानक समोर येतात: फिटर म्हणजे जोडारी, टर्नर म्हणजे कातारी, मशिनिस्ट म्हणजे यंत्र कारागीर, वेल्डर म्हणजे संधाता, इलेक्ट्रिशियन म्हणजे वीजतंत्री, वायरमन म्हणजे तारतंत्री, प्लंबर म्हणजे नळ कारागीर. "कातारी" हा काय प्रकार आहे ते न कळल्यामुळे ओळ सोडून पुढे जाणारे उमेदवार असतात.

जोडारी, कातारी, यंत्र कारागीर, वीजतंत्री, तारतंत्री, मोटार मेकॅनिक आणि फ्रिज-एसी मेकॅनिक हे दोन वर्षांचे ट्रेड. वेल्डर, प्लंबर, डिझेल मेकॅनिक, कोपा (संगणक चालवणं आणि प्रोग्रॅमिंग) आणि शिवणकाम एका वर्षाचे. हा फरक नुसता वेळेचा नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. एका वर्षाच्या ट्रेडवर तो रस्ता मिळत नाही. पुढे डिप्लोमा करायचा विचार डोक्यात असेल तर आत्ताच त्या हिशेबाने निवडा.

दहावी नापास झालेल्यांसाठीही दार उघडं आहे. वेल्डर, तारतंत्री, प्लंबर, सुतारकाम, रंगारी असे काही ट्रेड त्यांना घेता येतात. पुस्तिकेत प्रत्येक ट्रेडसमोर पात्रता लिहिलेली असते. दहावी नापास झालो म्हणजे सगळं संपलं असं समजून एक वर्ष घरी काढू नका.

आता निवड कशी करायची? आसपासचा उद्योग बघा. चाकण, भोसरी, सातपूर, अंबड किंवा वाळूजच्या पट्ट्यात राहत असाल तर जोडारी, कातारी, यंत्र कारागीर आणि वेल्डर यांना दारातच काम आहे. कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगाव भागात फाउंड्री आणि मशीनशॉप आहेत. पण एमआयडीसी लांब असलेल्या तालुक्यात राहून तिथेच राहायचं असेल, तर वीजतंत्री, तारतंत्री, प्लंबर, फ्रिज-एसी आणि डिझेल मेकॅनिक यांना स्वतःचं काम गावात उभं करता येतं. कातारीला लेथ, म्हणजे धातू फिरवून कापायचं यंत्र, लागतो आणि लेथ घरात ठेवता येत नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी अर्धी निवड होते.

शक्य असेल तर अर्ज भरण्याआधी जवळच्या संस्थेत जाऊन वर्कशॉप बघून या. निदेशकांना (शिकवणाऱ्या शिक्षकांना) विचारलंत तर बहुतेक जण दाखवतात. जोडारीच्या शॉपमध्ये पहिले कित्येक आठवडे एकच काम दिसेल: व्हाइसमध्ये माइल्ड स्टीलचा चपटा तुकडा पकडून कानस मारणं. दिसायला सोपं वाटतं. हात पुढे जाताना थोडा जरी वर-खाली झाला तर तुकड्याच्या दोन्ही कडा झिजतात आणि मधे फुगवटा राहतो. मग जॉबवर, म्हणजे त्या तुकड्यावर, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडाकडे धरला की पट्टीखालून प्रकाशाची बारीक रेघ दिसते, आणि ती दिसली की परत कानस. व्हर्नियरने ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजलं जातं, त्यामुळे "जवळपास झालं" इथे चालत नाही. ज्याला हे बघून कंटाळा येतो त्याने जोडारी घेऊ नये, आणि ज्याला तो तुकडा हातात घ्यावासा वाटतो त्याने जरूर घ्यावा.

वेल्डिंगचंही तसंच. इलेक्ट्रोड आणि जॉब यांच्यातलं अंतर हाताने एकसारखं ठेवावं लागतं. करंट कमी असला की इलेक्ट्रोड चिकटतो, जास्त झाला की पातळ पत्र्याला भोक पडतं, आणि ओलसर इलेक्ट्रोड वापरला की वेल्डमध्ये बुडबुड्यांची छिद्रं राहतात. डोळे, दमा किंवा उष्णतेचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

२. कागद एप्रिलमध्येच जमवा

प्रवेश हातचा जातो तो बहुतेकदा गुणांमुळे नव्हे, कागदामुळे. सेतू केंद्र आणि तहसील कार्यालयात जूनमध्ये गर्दी उसळते आणि दाखला वेळेत निघत नाही. ही यादी फ्रिजवर चिकटवून ठेवा:

• दहावीची गुणपत्रिका (नापास असाल तर तीही, आणि आठवी-नववीची)
• शाळा सोडल्याचा दाखला, मूळ प्रत
• अधिवास प्रमाणपत्र
• आधार कार्ड
• जातीचा दाखला, लागू असेल तर
• नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र (इतर मागास, विमुक्त-भटके, विशेष मागास वगैरे प्रवर्गांसाठी, अनुसूचित जाती-जमातींना ते लागत नाही)
• आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला, त्या प्रवर्गातून अर्ज असेल तर
• उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीसाठी
• दिव्यांग, माजी सैनिकाचा पाल्य वगैरे सवलत घेत असाल तर तो दाखला
• आधारशी जोडलेलं स्वतःच्या नावाचं बँक खातं
• मधे शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र
• पासपोर्ट आकाराचे फोटो, एकाच वेळी दहा-बारा काढून ठेवा

यातले तीन कागद सगळ्यात जास्त घात करतात.

पहिला नॉन-क्रीमी लेयर. त्यावर ३१ मार्चची मुदत छापलेली असते. गेल्या वर्षीचा काढून ठेवलाय म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांचा दाखला प्रवेशाच्या दिवशी मुदतबाह्य निघतो, आणि मग राखीव जागेवरचा हक्क जातो. एप्रिल उजाडला की पहिलं काम म्हणजे त्यावरची तारीख वाचणं.

दुसरा शाळा सोडल्याचा दाखला. अनेक जण सुरक्षित म्हणून अकरावीतही प्रवेश घेऊन ठेवतात आणि मूळ दाखला तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात जमा होतो. आयटीआयची जागा लागली की मूळ दाखला मागतात आणि इथे दोन-तीन दिवसांची मुदत असते. त्या काळात अकरावीचा प्रवेश रद्द करून दाखला सोडवून आणणं ही धावपळ होते. अकरावी घेतलीच असेल तर प्रवेश रद्द करायची पद्धत आणि कार्यालयाची वेळ आधीच विचारून ठेवा.

तिसरं, नावातला फरक. गुणपत्रिकेवर "दत्तात्रय", आधारवर "दत्तात्रेय" असं असेल तर ते आत्ताच सरळ करा. राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्रावर जे नाव एकदा छापलं गेलं, ते दोन वर्षांनी दुरुस्त करताना मुंबई-दिल्लीपर्यंत पत्रव्यवहार करावा लागतो. शाळेच्या गुणपत्रिकेवरचं नाव प्रमाण धरा आणि आधार त्याप्रमाणे करून घ्या.

३. अर्ज भरा, पैसे भरा आणि निश्चिती करा

पोर्टलवर नाव, जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक घालून नोंदणी होते. जो नोंदणी क्रमांक मिळतो तोच तुमचा लॉगिन. तो वहीत लिहून ठेवा. मोबाइल स्वतःचा किंवा घरातल्याचा द्या. सायबर कॅफेवाल्याचा क्रमांक दिला तर पुढचे सगळे ओटीपी आणि संदेश त्याच्याकडे जातात. प्रवर्ग, दहावीचे गुण आणि शाळेचा तालुका-जिल्हा जपून भरा. तालुक्यावर स्थानिक जागांचा हक्क अवलंबून असतो.

शुल्क भरून पावती आली की अनेकांना वाटतं काम झालं. इथेच सगळ्यात मोठा खड्डा आहे. ऑनलाइन अर्ज भरल्यावर मूळ कागदपत्रं घेऊन कुठल्याही जवळच्या आयटीआयमध्ये प्रत्यक्ष जायचं असतं. तिथे अधिकारी कागद पडताळतात आणि अर्ज निश्चित करतात. निश्चिती न झालेला अर्ज गुणवत्ता यादीत येतच नाही, मग तुम्हाला ९५ टक्के असले तरीही. निश्चितीची छापील पावती घ्या, त्यावरचा प्रवर्ग आणि गुण तिथेच उभं राहून वाचा. निश्चितीनंतर माहितीत बदल करायला फार कमी वाव उरतो.

४. विकल्पांचा क्रम

निश्चितीनंतर संस्था आणि ट्रेड यांच्या जोड्या पसंतीक्रमाने द्यायच्या असतात. हाच भाग सगळ्यात शांतपणे करायचा.

यंत्रणा कशी चालते ते समजून घ्या. तुमचा गुणवत्ता क्रमांक आला की संगणक तुमचा पहिला विकल्प बघतो. तिथे जागा असेल तर ती मिळते, नसेल तर दुसरा, मग तिसरा. म्हणून अवघड वाटणारा विकल्प वर ठेवल्याने खालच्यांचं काही नुकसान होत नाही. "मला मिळणार नाही" या भीतीने खरी आवड खाली ढकलू नका. उलट चूक मात्र महागात पडते. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचीच जागा लागली तर प्रवेश घेणं बंधनकारक असतं, आणि न घेतल्यास पुढच्या केंद्रीय फेऱ्यांतून नाव बाहेर जातं. तेव्हा पहिल्या ओळीत फक्त तेच लिहा जे मिळालं तर दुसऱ्या दिवशी दाखला घेऊन जाल. पुढच्या फेऱ्यांत हे बंधन पहिल्या काही पसंतींपर्यंत वाढत जातं. आकडे त्या वर्षीच्या पुस्तिकेतून बघा.

विकल्प भरपूर द्या. तीन-चार देऊन थांबणाऱ्यांचं नाव प्रत्येक फेरीत कोरं राहतं. गेल्या वर्षीच्या कटऑफ याद्या पोर्टलवर असतात. त्या उघडून आपले गुण कुठल्या संस्थेत, कुठल्या प्रवर्गात बसतात ते बघा, आणि यादीच्या शेवटी चार-पाच नक्की मिळतील अशा जागा ठेवा. मुलींसाठी ३० टक्के समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच राखीव वाटा, असतो. यांत्रिक ट्रेडमध्ये अर्जच कमी येत असल्याने तिथला मुलींचा कटऑफ पुष्कळदा खाली थांबतो.

खासगी संस्थांची नावंही यादीत दिसतील. ती टाकण्याआधी दोन गोष्टी तपासा: राष्ट्रीय पातळीवरच्या पोर्टलवर त्या संस्थेला त्याच ट्रेडसाठी संलग्नता आहे का, आणि वर्षाचं एकूण शुल्क किती, लेखी. "संस्थेला मान्यता आहे" याचा अर्थ तिच्या सगळ्या ट्रेडना आहे असा होत नाही. केंद्रीय प्रक्रियेबाहेर, कुणी दुकानात बसून "डायरेक्ट आयटीआय सर्टिफिकेट, क्लासला यायची गरज नाही" असं सांगत असेल तर उठून चालू लागा. असा कागद नोकरीच्या पडताळणीत टिकत नाही.

५. यादी, फेरी, प्रवेश

आधी प्राथमिक गुणवत्ता यादी लागते. तुमचे गुण किंवा प्रवर्ग चुकला असेल तर हरकत नोंदवायला तेवढेच दिवस. अंतिम यादीनंतर फेऱ्या सुरू. जागा लागली की लॉगिनमधून निवडपत्र काढा, मूळ कागद आणि दोन संच झेरॉक्स घेऊन त्या संस्थेत जा, शुल्क भरा, पावती घ्या. केंद्रीय फेऱ्या संपल्यावर समुपदेशन फेरी होते. तिथे उरलेल्या जागा समोर दाखवून गुणवत्तेप्रमाणे बोलावतात. ज्यांचा अर्ज आधी राहून गेला त्यांनाही तोवर नव्याने संधी मिळू शकते, म्हणून ऑगस्टमध्येही पोर्टल बघत राहा.

६. शिष्यवृत्ती आणि शुल्कप्रतिपूर्ती

शिष्यवृत्ती आणि शुल्कप्रतिपूर्ती महाडीबीटी पोर्टलवरून मिळते. अर्ज प्रवेशानंतर स्वतः भरायचा असतो, संस्था तुमच्यासाठी भरत नाही. पैसे न येण्याचं नेहमीचं कारण एकच: आधार ज्या खात्याशी जोडलंय ते वेगळं आणि अर्जात दिलेलं वेगळं. रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. बँकेत जाऊन "डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंग कुठल्या खात्याला आहे" हे विचारा. नुसतं "आधार लिंक आहे का" विचारलं तर बहुतेक वेळा हो म्हणतात आणि प्रश्न तसाच राहतो.

७. दोन वर्षं कशी काढायची

शिकावं लागतं ते असं: ट्रेड थिअरी, ट्रेड प्रात्यक्षिक, वर्कशॉप गणित व विज्ञान आणि इंजिनीअरिंग ड्रॉइंग, रोजगारक्षम कौशल्ये. हजेरी ८० टक्के लागते. ती भरली नाही तर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसू देत नाहीत. थिअरी संगणकावर, बहुपर्यायी. प्रात्यक्षिकात पास व्हायला ६० टक्के लागतात, थिअरीत ३३. यावरून वजन कुठे आहे ते कळतं. शॉपमध्ये रोज हात चालवला नाही तर गाईड वाचून प्रात्यक्षिक निघत नाही.

खर्चात सेफ्टी शूज, गणवेश किंवा ॲप्रन, ड्रॉइंगचं साहित्य आणि प्रात्यक्षिक वही धरा. बूट स्वस्तातले घेऊ नका. पुढे स्टीलची टोपी आणि न घसरणारा तळवा हवाच. वीजतंत्रीवाल्यांनी चांगला टेस्टर आणि इन्सुलेटेड पकड स्वतःची ठेवावी. प्रात्यक्षिक वही त्याच दिवशी लिहा आणि निदेशकांची सही घ्या. वर्षाच्या शेवटी पन्नास जॉबच्या सह्या एकदम मागायला गेलेल्यांचे अंतर्गत गुण तिथेच जातात.

ड्रॉइंगकडे दुर्लक्ष करू नका. कंपनीत पहिल्या दिवशी हातात ड्रॉइंग देतात आणि त्यावरचा टॉलरन्स (मापात किती फरक चालेल तो आकडा) वाचता आला नाही तर मशीनपर्यंत पोचू देत नाहीत.

८. शिकाऊ उमेदवारी

आयटीआयनंतरचं एक वर्ष बहुतेकांनी शिकाऊ उमेदवारीत घालवावं असं आमचं ठाम मत आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचं बंधन आहे. २०१९ च्या नियमदुरुस्तीने आयटीआय उत्तीर्णांसाठी किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये ठरवलं. त्यानंतरचा चालू दर पोर्टलवर बघून मगच सही करा. एसटी, महावितरण, रेल्वे आणि मोठे कारखाने दरवर्षी जाहिराती काढतात. रेल्वेच्या लेव्हल १ च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या वेतनस्तराच्या, पदांत कायद्याखाली शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागा राखीव असतात.

सापळा असा: काही ठिकाणी "ट्रेनी" म्हणून घेतात, काम कामगाराचं, पगार शिकाऊचा आणि करार मात्र पोर्टलवर नोंदवलेलाच नसतो. वर्ष संपल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळत नाही, कारण कागदोपत्री तुम्ही शिकाऊ नव्हताच. रुजू होताना केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवरचा करार क्रमांक मागा. तो तुमच्या लॉगिनमध्ये दिसायला हवा. दिसत नसेल तर पहिल्याच आठवड्यात विचारा, अकराव्या महिन्यात विचारून उपयोग नाही.

९. प्रौढांसाठी थोडं वेगळं

वयाची अडचण नसली तरी पूर्ण दिवसाची हजेरी ही खरी अडचण असते. बऱ्याच संस्थांत दोन पाळ्या चालतात. कुठल्या ट्रेडची तुकडी कुठल्या पाळीत आहे ते विकल्प भरण्याआधी संस्थेत फोन करून विचारा. प्रवेशानंतर पाळी बदलून मिळेल या आशेवर राहू नका.

दोन वर्षं देणं शक्यच नसेल तर जन शिक्षण संस्थान हा पर्याय बघा. १५ ते ४५ वयोगटासाठी, अशिक्षित किंवा शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी तिथे शिवणकाम, ब्यूटी, वायरिंग यांसारखे छोटे अभ्यासक्रम असतात. राज्याच्या कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाचे सहा महिन्यांपासूनचे प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहेत. वर्षानुवर्षं गवंडी, सुतार किंवा प्लंबर म्हणून काम करणाऱ्यांना पूर्वज्ञान मान्यतेखाली कौशल्य तपासून प्रमाणपत्र मिळतं. परदेशी किंवा मोठ्या ठेकेदाराकडे जाताना ते कामाला येतं. पण यातलं काहीही आयटीआयच्या राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्राच्या बरोबरीचं नाही. सरकारी जाहिरातीत "आयटीआय" लिहिलेलं असेल तर हे चालणार नाही, हे मनात पक्कं ठेवून निवडा.

दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना भाषा विषयांची मंडळाची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता मिळवता येते. पुढे पदवी करायची असेल त्यांनी ही परीक्षा आयटीआय चालू असतानाच उरकावी. अर्ज आपल्याच संस्थेतून जातो, त्यामुळे पहिल्या सत्रातच कार्यालयात जाऊन नाव नोंदवा.